ट्रिगर दाबल्यानंतर मासा कुठे जाणार?

स्पिअरफिशिंग, म्हणजे श्वास रोखून पाण्याखाली भाल्याने किंवा भाला सोडणाऱ्या गनने मासे मारणं, सुरू करायचंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, गन कुठली घेऊ? मी पण हाच विचारला होता. उत्तर मिळालं, मोठीच घे, पुढे कामाला येईल, आणि मी घेतली १३० सेंटिमीटरची लाकडी गन, ओढ देणारी दोन जाड रबरं, ८ मिलिमीटरचा शाफ्ट म्हणजे सुटणारा लोखंडी दांडा, आणि पुढे स्लिप टिप, माशाच्या पलीकडे गेली की आडवी बसणारी वेगळी टिप. ती घेऊन पहिल्यांदा उतरलो ते रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळ-खडकांवर, जेमतेम आठ मीटर पाण्यात. एका कपारीच्या तोंडाशी हेकरू बसला होता, टोकापासून फार तर दीड मीटर. ट्रिगर दाबला, शाफ्ट माशातून आरपार जाऊन मागच्या खडकावर आपटला, टिप आडवी व्हायच्या आधीच चेपली, शाफ्ट वाकला, आणि मासा अंग सोडवून कपारीत आत आत गेला. चार वेळा खाली जाऊन टॉर्च मारून शोधला, नाही मिळाला. तो जगला नसणार हे मला माहितीये आणि ते अजून सलतं.

तेव्हापासून मी गिअर उलट्या बाजूने निवडतो. गन बघायच्या आधी स्वतःला विचारायचं, मासा लागला की तो कुठे पळणार? रीफवरचा मासा भोकात घुसतो, खुल्या पाण्यातला खाली नाहीतर लांब सुटतो. गनची लांबी, शाफ्टची जाडी, टिप, दोरी, गनवरची दोरीची फिरकी म्हणजे रील की पाण्यावर तरंगणारा फ्लोट, सगळं या एका उत्तरावरून ठरतं आणि दोन्ही ठिकाणी उत्तर वेगळं असल्यामुळे दोन्हीकडे चालेल अशी एकच गन शोधत बसण्यात अर्थ नाही, मी दोन वर्षं शोधली.

आधी रीफ. इथे मासा जवळ असतो, मागे दगड असतो आणि वळायला जागा नसते. लांब गन पाण्यात बाजूला फिरवायला जड जाते, पाणी तिला अडवतं, आणि तोवर मासा गेलेला असतो. म्हणून कपारी, भोकं, गढूळ पाणी असेल तर ७५ ते ९० ची गन, पाणी स्वच्छ असेल आणि मासे बुजरे असतील तर १०० किंवा ११०. शाफ्ट ७ चा, एका फ्लॉपरचा. फ्लॉपर म्हणजे शाफ्टच्या टोकामागे असलेलं ते बिजागरीचं छोटं पातं, मासा पार केला की ते उघडतं आणि शाफ्ट मागे सरकत नाही. टोक दगडावर बोथट झालं तर कानशीने घासून परत धार लावता येते, स्लिप टिपला असं दगडावर आपटणं झेपत नाही. रबर एकच पुरतं, फार तर दोन बारीक. इथे एक लक्षात घ्या, जास्त ताकद म्हणजे जास्त चांगलं हे गणित चुकीचं आहे, बारीक शाफ्टवर जास्त ओढ दिली की तो निघताना लवलवतो आणि नेम हलतो, शिवाय जवळून मारल्यावर उरलेली सगळी ताकद दगडात जाते.

दोरीचं पण तसंच. रीफवर फ्लोटची लांब दोरी कोरलमध्ये अडकते, फांद्या मोडतात, शेकडो वर्षं वाढलेली रीफ असते ती, म्हणून उथळ दगडांमध्ये मी गनवर रील लावतो, पन्नासेक मीटर बारीक डायनीमा दोरी. मासा भोकात गेला तर रील सोडून सरळ वर यायचं, श्वास घ्यायचा, आराम करायचा, मग परत खाली. तिथेच थांबून ओढत बसायचा मोह होतो तो जिवावर बेतू शकतो. फक्त रील असली तरी वर एक झेंडा लावलेला फ्लोट हवाच, बोटीवाल्यांना पाण्यातलं डोकं दिसत नाही. तो बडीकडे, म्हणजे सोबतच्या जोडीदाराकडे द्या, नाहीतर हलक्या वजनाने एका जागी टाकून ठेवा, पण वाळूवर, कोरलवर नको.

आणि रीफवर मोठी गन नको म्हणण्याचं अजून एक कारण आहे जे गिअरच्या गप्पांमध्ये कुणी काढत नाही. उष्ण पाण्यातल्या रीफवर सिग्वाटेरा नावाची विषबाधा असते. शेवाळावर वाढणारे सूक्ष्म जीव ते विष तयार करतात, छोटे मासे ते खातात, त्यांना मोठे खातात, आणि विष साठत साठत वर जातं. बाराकुडा, मोठे हेकरू, मोरे ईल यांच्यात ते जास्त सापडतं. शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, चवीला वासाला काही कळत नाही. म्हणजे मोठ्या गनने रीफवरचा जो सगळ्यात मोठा शिकारी मासा तुम्ही माराल नेमका तोच खायला सगळ्यात धोक्याचा. मध्यम आकाराचा मारा, त्याला ९० ची गन भरपूर झाली.

आता खुलं पाणी. खाली तळ दिसत नाही, सगळीकडे निळं, आणि नजरेला धरायला काहीच नसतं त्यामुळे मासा किती मोठा आणि किती लांब याचा अंदाज पार चुकतो. मास्कमधून सगळं तसंही एक तृतीयांश मोठं आणि साधारण पाव अंतर जवळ दिसतं. मी सुरुवातीला वाहू, सुरमईसारखा लांबट वेगवान मासा, दिसला की लगेच मारायचो आणि शाफ्ट त्याच्या अलीकडेच संपायचा. आता माशाचा डोळा स्पष्ट दिसेपर्यंत, अंगावरचे पट्टे मोजता येईपर्यंत थांबतो. इथे लांबी खरंच कामाची, १२० ते १४०, कारण मासा जवळ यायला तयार नसतो. लाकडी जड गन बरी पडते, दोन-तीन रबरांचा धक्का ते वजन पचवतं, हलक्या नळीच्या गनला तेवढी रबरं लावली तर ती हातात उसळते. शाफ्ट साडेसात-आठचा, जाड शाफ्ट लांबवर पण वेग टिकवून धरतो. स्लिप टिपची खरी जागा पण ही. टिप माशाच्या पलीकडे जाऊन शाफ्टपासून सुटते, आडवी बसते, आणि मधे लोखंडाचा लांब दांडा नसल्यामुळे माशाने कितीही अंग पिळलं तरी तरफ लागून मांस फाटत नाही. वाहूचं मांस मऊ असतं, त्याला हे फार गरजेचं.

मग तो पळणार. सुरमई असो, वाहू असो, ट्यूना असो, पहिला झटका इतका जोरात असतो की दोरी हातात धरायचा विचार पण करू नका. इथे ब्रेकअवे लावायचा, म्हणजे दोरी गनला पक्की बांधलेली नसते, शाफ्टपासून थेट फ्लोटलाइनला जाते, मासा लागला की गनपासून सुटते आणि गन तुमच्या हातात राहते. मधे बंजी टाकायची, रबरी नळीसारखी ताणणारी दोरी, तिच्यामुळे ओढ एकदम न बसता हळूहळू वाढते आणि शाफ्ट उपटून येत नाही. शेवटी फ्लोट. दोरी कमरेला, मनगटाला, बेल्टला, कुठेही स्वतःला बांधायची नाही. कधीच नाही. आणि उतरताना दोरी कुठल्या बाजूला तरंगतेय ते बघूनच ट्रिगर दाबायचा, माझ्या पायातल्या फिनला एकदा वेढा पडला होता, मासा लहान होता म्हणून सुटलो.

फ्लोटबद्दल एक गोष्ट उशिरा कळली. मोठा मासा फ्लोटला खाली घेऊन जातो, आणि मऊ, हवेचा फ्लोट असेल तर दहा मीटरवर दाब दुप्पट होऊन आतली हवा निम्मी होते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच त्याची उचल कमी होते. म्हणून डॉगटूथ ट्यूनासारख्या माशांच्या मागे जाणारे लोक कडक कवचाचे किंवा खूप दाबाने भरलेले फ्लोट वापरतात, आणि एकाच्या मागे एक असे दोन-तीन जोडतात. हा डॉगटूथ अवघड प्रकार आहे कारण तो राहतो रीफच्या कड्यावर, जिथे तळ अचानक खोल जातो. दिसतो खुल्या पाण्यातल्या माशासारखा पण लागला की सरळ खाली कड्याकडे धावतो आणि दोरी कोरलवर घासून तुटते. तिथे दोन्ही नियम एकदम लागू होतात, मी तिथे १३० घेऊन जातो, बंजी आखूड ठेवतो आणि फ्लोट जास्त लावतो, त्याला तळाशी पोचूच द्यायचं नाही असा हिशोब. तरी गमावलेत मासे. आता तिथे बडी दुसरी भरलेली गन घेऊन तयार नसेल तर मी मारतच नाही.

सगळ्याच ठिकाणी गन चालते असं नाही हेही बघून घ्या. बहामामध्ये ट्रिगरवाल्या गनला बंदी आहे, तिथे पोल स्पिअर नाहीतर हवाईयन स्लिंग, म्हणजे हाताने ताणायचा भाला. मालदीवमध्ये स्पिअरफिशिंगच बंद. सिलिंडर लावून मारायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते आणि मला ते बरोबर वाटतं. पोल स्पिअर मात्र बंदी नसतानाही घेऊन बघाच, दोन मीटरवर मासा आणायला शिकलात की गनचे निम्मे दोष आपोआप झाकले जातात.

आता अंगावरचं, आणि खरेदीचा क्रम विचाराल तर हे गनच्या आधी.

वेटबेल्ट म्हणजे शिशाची वजनं लावलेला कमरेचा पट्टा, त्याच्यापासून सुरू करतो कारण इथे चूक झाली तर माणूस जातो. वेटसूटच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, खोल गेलं की ते दबतात, सूट पातळ होतो, तुम्ही जड होता. वर सहज बुडता यावं म्हणून जास्त शिसं लावलं की खाली दगडासारखे बुडाल आणि परत येताना पाय मारून मारून ऑक्सिजन संपेल. आणि ब्लॅकआउट, म्हणजे ऑक्सिजन कमी पडून शुद्ध जाणं, बहुतेक वेळा वर येताना शेवटच्या काही मीटरात किंवा वर आल्यावर होतो, कारण दाब कमी होत जातो तसा फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही झपाट्याने पडतो. त्या क्षणी शरीर आपोआप वर तरंगलं पाहिजे. म्हणून मी असं तपासतो: पाण्यात उभं तरंगायचं, पाय हलवायचे नाहीत, श्वास सहज सोडून द्यायचा, तरी डोकं वर राहिलं पाहिजे. बुडत असाल तर एक वजन काढा. मग दहा मीटरच्या आसपास ना वर ना खाली असं वाटलं की बरोबर. बेल्ट रबराचाच घ्या, खाली सूट दबून कंबर बारीक होते तेव्हा कापडी पट्टा सैल होऊन छातीकडे सरकतो, रबर ताणलेलं असल्यामुळे सोबत आवळतं. बकल एका हाताने, एका झटक्यात उघडलं पाहिजे.

सूट. पाणी २८ अंश असलं तरी सूट हवा, पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. दोन तासांनी कुडकुडायला लागलं की श्वास टिकत नाही, ऑक्सिजन थरथरण्यातच जातो. दीड ते तीन मिलिमीटर पुरतो, छातीवर जाड पॅड असलेला, कारण गन भरताना, म्हणजे रबरं ताणून अडकवताना, तिचं मागचं टोक तिथेच टेकवायचं असतं. रीफवर हिरवट-तपकिरी आणि खुल्या पाण्यात निळा असं सांगतात, पण माझं मत विचाराल तर रंगाने फारसा फरक पडत नाही, हालचालीने पडतो. सावकाश हलणाऱ्या काळ्या सूटकडे मासे येतात आणि महागड्या निळ्या सूटमध्ये हात-पाय मारणाऱ्यापासून पळतात.

मास्क कमी हवेचा, नाक आत घेणारा. पोहायचे गॉगल नकोत, खाली दाब वाढला की नाकाने हवा सोडून आतला दाब सारखा करता येत नाही आणि डोळ्यातल्या रक्तवाहिन्या फुटतात. स्नॉर्कल साधी वाकडी नळी, झडपा-बिडपा काही नको, आणि खाली जाताना तोंडातून काढायची. फिन्स लांब पात्याचे. कार्बन सुंदर चालतं पण दगडावर आपटलं की तडकतं, ते बोटीवरून खुल्या पाण्यात उतरणाऱ्यांसाठी ठीक. रीफवर प्लॅस्टिक किंवा फायबरग्लास. पात्यापेक्षा बूट महत्त्वाचा, टाच हलली तर पायाची अर्धी मेहनत वाया जाते आणि बोटं चेपली तर वांब येतात.

सुरी छोटी, टोकदार, दोन्ही बाजूंना धार असलेली, दोन्ही हात पोचतील अशा जागी. तिची दोन कामं, अडकलेली दोरी कापणं आणि मासा हातात आला की लगेच डोक्यात खुपसून त्याला मोकळं करणं. तडफडत ठेवायचा नाही. मांस खराब होतं हे आहेच, शार्क येतात हेही आहे, पण मुळात ते त्या माशाचं देणं आहे.

बडी हा पण गिअरमध्येच धरा. एक खाली, एक वर, आणि वर आलेल्याकडे पुढची तीस सेकंद बघत राहायचं, मासा किती मोठा हे नंतर. खाली जितका वेळ तितक्याच्या निदान दुप्पट वर. उतरायच्या आधी भसाभस श्वास घ्यायचे नाहीत, त्याने ऑक्सिजन वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घे म्हणून सांगणारी घंटाच बंद पडते. आणि गन फक्त पाण्यात भरायची, पाण्यातच रिकामी करायची, ट्रिगरच्या सेफ्टी लॉकवर विसंबायचं नाही.

आदल्या रात्री मी रबरं बोटांनी ताणून बघतो, उन्हाने बारीक चिरा पडल्या असतील तर लगेच बदलतो. मग दोरीवरून नख फिरवतो, खरखरीत लागलं तिथे कापून नवीन गाठ. शेवटी शाफ्ट काढून काचेच्या टेबलावर गडगडवतो. सरळ असेल तर आवाज एकसारखा येतो. मधेच टक टक वाजला तर तो वाकलाय, मग तो घरीच ठेवायचा आणि दुसरा लावायचा.