विहिरीतला काळा पाषाण आणि वेस्टा

मंगळवार, रात्र

आज शेतातल्या विहिरीच्या कामात मुरूम संपून काळा पाषाण लागला. ब्रेकरने फोडलेला एक तुकडा उचलला आणि तिथंच बसलो. धाकटा म्हणाला, "अण्णा, दगडात एवढं काय बघालास?"

ताजी फुटलेली बाजू उन्हात तिरकी धरली की काडीएवढे बारीक स्फटिक चमकतात. मधूनमधून वायूच्या बुडबुड्यांची छिद्रं, काहींत पांढरं खनिज भरलेलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. सगळं सोलापूर याच बेसाल्टवर उभं आहे. आणि याच जातीचा खडक मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहपट्ट्यात, वेस्टा नावाच्या लघुग्रहावर आहे.

वेस्टा शोधला ब्रेमेनच्या हाइनरिश ओल्बर्स यांनी, २९ मार्च १८०७ रोजी. पेशाने डॉक्टर, दिवसा रुग्ण, रात्री घराच्या वरच्या मजल्यावर दुर्बीण. आधी सापडलेले सेरेस आणि पॅलस हे लघुग्रह एखाद्या फुटलेल्या ग्रहाचे तुकडे असावेत, मग आणखीही सापडतील, या विचाराने ते शोधत राहिले. फुटलेल्या ग्रहाची कल्पना पुढे टिकली नाही, वेस्टा मात्र सापडला. नाव गणितज्ञ गाउस यांनी दिलं. त्यानंतरचा लघुग्रह सापडायला १८४५ साल उजाडलं. ओल्बर्स यांच्या चिकाटीबद्दल मला फार आदर वाटतो.

वेस्टाचा व्यास सुमारे ५२५ किलोमीटर. मुंबईहून रेल्वेने सोलापूरला येतो त्यापेक्षा थोडा जास्त. स्वतःभोवती एक फेरी ५ तास २० मिनिटांत, सूर्याभोवतीची ३.६ वर्षांत. दक्षिण ध्रुवाशी सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचं विवर आहे, म्हणजे जवळजवळ त्याच्या स्वतःच्या रुंदीएवढं! विवराच्या मधोमध वीस किलोमीटरहून उंच शिखर. नासाचं डॉन यान २०११ ते २०१२ त्याच्याभोवती फिरलं, त्याच्या मोजणीवरून आत सुमारे २२० किलोमीटर व्यासाचा लोखंडी गाभा असल्याचं दिसतं.

गाभा वेगळा झाला, वर बेसाल्ट आला, म्हणजे हा गोळा कधीतरी वितळला होता. एवढ्याशा गोळ्याला इतकी उष्णता कुठून मिळाली? या प्रश्नाने मला कितीतरी दिवस धरून ठेवलं होतं.

उत्तराचा एक मोठा धागा आपल्याकडे सापडला. जून १९९६ मध्ये राजस्थानात पाली जिल्ह्यात पिपलिया कलान इथं अशनी पडला. तो युक्राइट या बेसाल्टसारख्या जातीचा, आणि हे दगड वेस्टावरचेच मानले जातात. वेस्टावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांच्याशी जुळतो, हे १९७० मध्येच दिसलं होतं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना पिपलियाच्या दगडात मॅग्नेशियम-२६ जास्तीचं आढळलं. ते अॅल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी प्रकाराच्या ऱ्हासातून तयार होतं, आणि त्या ऱ्हासात उष्णता निघते. त्या प्रकाराचं अर्धायुष्य (निम्मा संपायला लागणारा काळ) जेमतेम सात लाख वर्षं, म्हणजे दगड थिजला तेव्हा सूर्यमाला अगदी नवी होती आणि हे किरणोत्सारी अॅल्युमिनियम अजून शिल्लक होतं. वेस्टाला आतून तापवणारी भट्टी हीच असावी. १९९९ साली हे प्रसिद्ध झालं. आपल्या मातीत पडलेला दगड, आपल्या माणसांनी वाचलेला!

धाकट्याला जेवताना हे सगळं सांगितलं. म्हणाला, दिसतो का तो? दिसतो. साधारण सोळा-सतरा महिन्यांनी तो पृथ्वीच्या बाजूला येतो, तेव्हा साधी दुर्बीण पुरते. आकाश अगदी काळोखं असेल आणि नजर चांगली असेल तर कधी कधी नुसत्या डोळ्यांनीही. पुढच्या वेळी पोरांना घेऊन बार्शी रस्त्याला, नान्नजच्या पुढे कुठंतरी जायचं ठरलंय.