तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलवरच्या मुक्कामाचे सामान मी कसे पारखते

सकाळची फेरी संपवून नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर थांबले, की माझ्या सायकलला बांधलेल्या पिशव्या पाहून कोणी ना कोणी विचारतेच, "ताई, बाइकपॅकिंग सुरू करायचे आहे, कोणते सामान घेऊ?" बाइकपॅकिंग म्हणजे मागचे कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, म्हणजे पॅनिअर, बाजूला ठेवून, सामान थेट हॅन्डलला, फ्रेमच्या त्रिकोणात आणि सीटच्या मागे पट्ट्यांनी आवळून, कच्च्या वाटेनेही मुक्कामी जाणे. विचारणाऱ्याला बहुधा एखाद्या कंपनीचे नाव हवे असते. ते मी सांगत नाही, कारण कोणत्या महिन्यात, कोणत्या रस्त्याने आणि किती रात्रींसाठी जायचे आहे हे कळल्याशिवाय सांगितलेले नाव उपयोगाचे नसते. सामान घरीच कसे पारखावे, हे मात्र मी मनापासून सांगू शकते.

ही सवय मला एका ऑगस्टमधल्या रामटेकच्या फेरीने लावली. नागपूरहून रामटेक जेमतेम पन्नास किलोमीटर आहे, म्हणून नव्या पिशवीवरच्या 'वॉटरप्रूफ' या शब्दावर मी विश्वास ठेवला. मनसरच्या अलीकडे पाऊस लागला आणि मुक्कामी पिशवी उघडली, तेव्हा रात्री अंगात घालायचे कपडे पिळता येतील इतके भिजलेले होते. दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला पायमोज्यांचा एक जोड तेवढा कोरडा राहिला होता. त्यानंतर कोणतीही पिशवी गच्चीवरच्या परीक्षेतून गेल्याशिवाय मी प्रवासाला नेत नाही.

ती परीक्षा अशी. पिशवीत जुन्या वर्तमानपत्राचे चुरगाळलेले कागद ठासून भरायचे, ती सायकलला प्रवासात बांधतो तशीच बांधायची आणि कूलर भरायच्या पाईपने वीस मिनिटे पाणी मारायचे. पहिली दहा मिनिटे वरून आणि उरलेली दहा खालून, चाकाच्या बाजूने, कारण सीटमागच्या पिशवीवर पाण्याचा खरा मारा आभाळातून होत नाही, तो मागच्या चाकावरून होतो. मग कागद एकेक करून उलगडायचे. ते कुठे ओले झाले यावरून पिशवीचा कमकुवत भाग अचूक सापडतो. माझ्या त्या पिशवीतले कागद मधोमध कोरडे होते आणि एका कडेला बोटभर रुंदीची ओली रेघ होती. ती बरोबर शिवणीच्या खाली आली. कापड सहसा गळत नाही, सुईने पाडलेली भोके गळतात, आणि त्याहून जास्त गळते ती पट्टा शिवलेली जागा. म्हणून पिशवी विकत घेताना मी ती उलटी करून आतली शिवण पाहते. शिवणीवर आतून टेप चिकटवलेली असेल किंवा जोड शिवण्याऐवजी उष्णतेने चिकटवलेला असेल, तरच पावसाळ्यासाठी तिचा विचार करते. गुंडाळून बंद होणाऱ्या तोंडाला निदान तीन वेढे बसले पाहिजेत, त्यामुळे पिशवी काठोकाठ भरून चालत नाही, हेही या परीक्षेतच कळते.

दुसरी परीक्षा रस्त्यावरची. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांना ठरावीक अंतरावर सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यावर बसणारा बारीक हादरा बोल्ट सैल करण्यासाठी पुरेसा असतो. पूर्ण सामान बांधून अशा रस्त्यावर तासभर सायकल चालवावी आणि घरी येऊन प्रत्येक बोल्ट ॲलन-कीने, म्हणजे षटकोनी पान्याने, तपासावा. त्याच वेळी सीटमागची पिशवी डोलते का तेही पाहावे. जड वस्तू, म्हणजे हत्यारे आणि जादा ट्यूब, सीटच्या दांड्याला चिकटून आत खोलवर ठेवल्या आणि कपडे शेपटाकडे ठेवले, तर डोलणे बरेच कमी होते. माझ्यासारख्या कमी उंचीच्या व्यक्तीने पिशवी आणि टायर यांच्यातले अंतर आवर्जून मोजून घ्यावे, आणि तेही स्वतः सीटवर बसून दुसऱ्या कोणाकडून. लहान फ्रेमवर ते अंतर मुळातच कमी असते, सामानाच्या वजनाने पिशवी आणखी खाली येते, आणि टायरला घासून तिला भोक पडायला एक दिवस पुरतो. चार बोटांपेक्षा कमी जागा उरत असेल, तर ती पिशवी कितीही चांगली असली तरी माझ्या सायकलसाठी नाही.

स्लीपिंग बॅगच्या बाबतीत लेबलवरचे आकडे नीट वाचावेत. प्रमाणित बॅगवर बॅग किती थंडीपर्यंत चालेल हे सांगणारी 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' अशी दोन तापमाने दिलेली असतात. पहिले सर्वसाधारण स्त्रीच्या आणि दुसरे सर्वसाधारण पुरुषाच्या शरीराला धरून ठरवलेले असते. जाहिरातीत पुष्कळदा कमी असलेला लिमिटचाच आकडा ठळक छापतात, म्हणून स्त्रियांनी तरी कम्फर्टकडेच पाहावे. मी माझी बॅग जानेवारीत गच्चीवर, उशाशी थर्मामीटर ठेवून पारखली. पहाटे पारा नऊ अंशांवर होता आणि मला पाठीखालून थंडी वाजत होती. म्हणजे दोष बॅगचा नव्हता, खालच्या पातळ चटईचा होता. गच्चीवर झोपले नसते, तर मी विनाकारण महागडी बॅग घेऊन बसले असते. पिसांची बॅग हलकी असते, पण भिजली की तिची ऊब जाते. कृत्रिम तंतूंची बॅग जड असली तरी ओलसर झाल्यावरही थोडीफार ऊब देते. चिखलदऱ्याला पावसाळ्याच्या अखेरीस जायचे असेल, तर मी कृत्रिम तंतूंचीच उचलते.

टायरबद्दल थोडक्यात सांगते. आपल्याकडचे दोन शत्रू म्हणजे बाभळीचा काटा आणि काळी माती. काट्यासाठी ट्यूबलेस टायर उत्तम, मात्र त्यातले सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारे द्रव, उन्हाळ्यात लवकर सुकते, म्हणून मार्चपासून ते वरचेवर तपासावे लागते. ओली काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधे थापली जाऊन चाकच जाम करते, तेव्हा टायरभोवती मोकळी जागा असलेली फ्रेम लागते. उमरेडकडच्या शेतवाटेवर पाऊस पडून गेल्यावर एक किलोमीटर सायकल चालवून पाहिली, की हे लगेच पटते.

पॉवर बँकच्या आकड्यालाही फसू नये. दहा हजार एमएएच (वीज साठवण्याच्या क्षमतेचे माप) हा आतल्या बॅटरीचा ३.७ व्होल्टचा आकडा असतो. फोनकडे वीज जाते त्या पाच व्होल्टवर तो हिशेबानेच ७,४०० होतो आणि रूपांतरात आणखी काही जातो. आपला फोन प्रत्यक्ष किती वेळा पूर्ण भरतो, ते घरी मोजावे.

शेवटची गोष्ट पैशांची. पहिल्या फेरीला काहीच विकत घेऊ नका. घरातली चादर, साधी रबरी दोरी आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन एक रात्र रामटेकला राहून या, आणि परत आल्यावर न वापरलेल्या वस्तू वेगळ्या काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. माझ्या पहिल्या फेरीतला तो ढीग अडीच किलोंचा भरला होता, आणि त्यात एक जादा जीन्स होती. त्यानंतरही पिशवी घ्यायचीच ठरली, तर बिल जपून ठेवा आणि ती घेऊन रविवारी सकाळी माझ्याकडे या. पाईप गच्चीवरच आहे, जुनी वर्तमानपत्रेही भरपूर आहेत.