चिन्ह नेमके कुठे बिघडले?

वेबपाने तयार करणे आणि सांभाळणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: “आमच्या पानावर रुपयाचे चिन्ह, अंशाचे चिन्ह किंवा एखादे जोडाक्षर नीट उमटत नाही, त्यासाठी कोणता कोड टाकायचा?” विचारणाऱ्याला एका ओळीचे उत्तर हवे असते आणि ती अपेक्षा रास्तच आहे. पण बहुतेक वेळा कोणताही कोड, म्हणजे चिन्हाऐवजी लिहायचा संकेत, टाकण्याची गरज नसते. आधी पडद्यावर त्या चिन्हाच्या जागी काय उमटले आहे ते नीट पाहावे लागते. रिकामा चौकोन, काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह, साधे प्रश्नचिन्ह आणि अनोळखी अक्षरांची रांग हे चार वेगवेगळे बिघाड आहेत, आणि त्यांतला कोणता आपल्यासमोर आहे हे कळले की अर्धे काम झालेले असते.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर हे ठरवणारा तक्ता लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा एकच असला, तरच मजकूर शाबूत राहतो. १९६३ साली आलेल्या आस्की तक्त्यात फक्त १२८ जागा होत्या. रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्रासाठीच्या नियंत्रणखुणा यांतच त्या गेल्या, देवनागरीला जागा उरली नाही. पुढे २५६ जागांचे अनेक तक्ते निघाले, पण एकच आकडा एका तक्त्यात एक अक्षर तर दुसऱ्या तक्त्यात भलतेच अक्षर दाखवू लागला. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच तक्त्यात आणण्याचे हे काम होते, आणि आज त्या तक्त्यात ११ लाखांहून अधिक जागा आहेत. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी हे आकडे साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत आखली. तिच्यात एका अक्षराला एक ते चार बाइट, म्हणजे साठवणीचे छोटे घटक, लागतात. जुना रोमन मजकूर तिच्यात जसाच्या तसा चालतो, त्यामुळे ती सर्वत्र रुजली.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह या पद्धतीत तीन बाइट घेते, आणि अनोळखी अक्षरांच्या रांगेचे मूळ इथेच आहे. ‘की’ हे साधे अक्षर घ्या. त्यात ‘क’ आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे आहेत, म्हणजे सहा बाइट झाले. ब्राउझरने ते यूटीएफ-८ म्हणून न वाचता पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या जुन्या विंडोज तक्त्याप्रमाणे वाचले, तर प्रत्येक बाइटचे एक स्वतंत्र अक्षर होते. मग ‘क’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले छोटे रोमन ए, त्यानंतर ¤ आणि त्यानंतर • दिसते, वेलांटीच्या जागी पुन्हा तेच रेघवाले ए, मग ¥ आणि शेवटी €. मराठी मजकुराच्या जागी येन आणि युरोची चिन्हे विखुरलेली दिसली, तर तो हाच प्रकार आहे हे मी पानाची मूळ फाइल न उघडताही सांगू शकतो. हा बिघाड दिसायला सर्वांत भयंकर, पण बहुधा सर्वांत निरुपद्रवी असतो. बाइट जागच्या जागी असतात, फक्त वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता हातात घेतलेला असतो.

म्हणूनच अशा पानावर ‘शोधा आणि बदला’ करत सुटू नये, असे मी कळकळीने सांगतो. बिघडलेली दिसणारी अक्षरे हाताने खोडून त्या जागी कोड भरले की मूळचा चांगला मजकूर नाहीसा होतो. काही वेळा तर तो बिघडलेला दिसणारा मजकूरच कोणीतरी यूटीएफ-८ म्हणून पुन्हा साठवतो. मग सहा बाइटांचे सहापेक्षा कितीतरी जास्त होतात आणि एक गाठ सोडवायची होती तिथे दोन पडतात.

काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह, म्हणजे �, सहसा याच्या उलट घडल्याची खूण असते. मजकूर जुन्या तक्त्याप्रमाणे साठवला गेला आणि ब्राउझर तो यूटीएफ-८ समजून वाचू लागला, तेव्हा नियमात न बसणाऱ्या बाइटच्या जागी तो हे चिन्ह मांडतो. रिकामा चौकोन असेल तर मजकूर आणि तक्ता दोन्ही ठीक आहेत. त्या चिन्हाची आकृती असलेला फॉन्ट तेवढा मिळालेला नाही. साधे प्रश्नचिन्ह मात्र मला खरोखर अस्वस्थ करते. देवनागरीला जागा नसलेल्या तक्त्यात मजकूर कोंबला गेला आणि साठवतानाच प्रत्येक अक्षराऐवजी ‘?’ लिहिले गेले, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ असतो. तिथून मूळ मजकूर परत मिळत नाही. जुनी प्रत असेल तरच तो वाचतो.

उपाय करताना मी पुढील क्रमाने पाहतो. फाइल यूटीएफ-८ म्हणून साठवली आहे का, सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या हेडरमध्ये (पानाविषयीच्या माहितीच्या ओळींत) काय लिहिले आहे, आणि पानाच्या सुरुवातीच्या भागातल्या मेटा टॅगमध्ये (ब्राउझरसाठीच्या सूचनेत) कोणते एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची कोणती पद्धत, सांगितली आहे. हा टॅग पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत पूर्ण झाला पाहिजे. हेडर आणि टॅग यांच्यात विसंगती असली तर ब्राउझर हेडरचे ऐकतो. टॅग अगदी बरोबर लिहूनही पान बिघडलेलेच राहते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. मजकूर डेटाबेसमधून येत असेल तर तिथलेही एन्कोडिंग तपासावे. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत ‘यूटीएफ८’ नावाने वर्षानुवर्षे चाललेला प्रकार अक्षरामागे तीनच बाइट साठवतो. मराठी मजकूर त्यात मावतो, पण चार बाइटांची इमोजी आली की अडते. तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ हाच प्रकार निवडावा.

हे सगळे जुळले की चिन्ह थेट लिहावे. ₹, °, ©, × ही चिन्हे मजकुरात जशीच्या तशी टंकित केली तर चालतात आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्यालाही ती वाचता येतात. कोडची खरी गरज < आणि & या चिन्हांना आहे, कारण ब्राउझर त्यांना स्वतःसाठीची सूचना समजतो. शिवाय डोळ्यांना न दिसणाऱ्या चिन्हांसाठी, उदाहरणार्थ ओळ तुटू न देणाऱ्या मोकळ्या जागेसाठी, मी &#160; असा कोडच वापरतो, म्हणजे ती जागा मुद्दाम ठेवली आहे हे पुढच्याला कळते. टंकायची सोय नसेल तर रुपयासाठी &#8377; लिहावे. कोडमधले आकडे देवनागरीत लिहिले तर तो चालत नाही, आणि शेवटचा अर्धविराम विसरू नये. चिन्हाऐवजी छोटे चित्र लावण्याची पद्धत मला पटत नाही. चित्रातले चिन्ह शोधता येत नाही, मजकुरासोबत उचलता येत नाही आणि पर्यायी मजकूर दिलेला नसेल तर पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे साधन, वापरणाऱ्या माणसाला ते ऐकूही येत नाही.

मराठीपुरते एक चिन्ह याहून जास्त जपावे लागते, आणि ते अदृश्य आहे. ‘आचार्‍यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना, आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना. पहिल्या शब्दातला अर्धा ‘र’ पुष्कळदा हलन्तानंतर (पाय मोडण्याच्या चिन्हानंतर) जोडणारे अदृश्य चिन्ह घालून लिहिलेला असतो. मजकूर ‘स्वच्छ’ करणारी काही साधने न दिसणारी चिन्हे सरसकट काढून टाकतात. तेव्हा चौकोन उमटत नाही, प्रश्नचिन्ह उमटत नाही, पान निर्दोष दिसते आणि स्वयंपाक्यांचे गुरू होतात. तोच अर्धा ‘र’ नुक्तेवाला (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ आणि हलन्त वापरूनही लिहिता येतो. त्यात अदृश्य चिन्ह लागत नाही, म्हणून मी हीच पद्धत सुचवतो. फक्त एका संकेतस्थळावर सगळीकडे तीच पाळावी, नाहीतर एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्याला सापडेलच असे नाही.