सह्याद्रीच्या वाटांसाठी भरवशाची फोर-व्हील ड्राइव्ह एटीव्ही निवडताना

पौडच्या पुढे ताम्हिणीच्या दिशेने किंवा पानशेतच्या वरच्या अंगाला ज्यांची स्वतःची शेती, आमराई किंवा डोंगरउतारावरची पडीक जमीन आहे, असे पुण्यातले परिचित अलीकडे मला वारंवार विचारतात की एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची, हँडलने चालवायची चार चाकांची गाडी, घ्यायची झाली तर कोणती घ्यावी. बहुतेकांना आधी किती सीसीची ते हवे असते आणि त्यानंतर किंमत. या दोन्हींच्या आधी भरवशाचा विचार व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. भरवसा याचा माझा अर्थ असा की यंत्र खिंडीच्या पलीकडे गेल्यावर बंद पडू नये आणि पडलेच, तर आपल्या गावातल्या फिटरच्या हातांनी व पुण्यात मिळणाऱ्या सामानाने ते पुन्हा सुरू व्हावे. सीसीचा आकडा यांपैकी कशाचीच हमी देत नाही.

कायद्याची बाजू आधी सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सार्वजनिक जागी चालणाऱ्या मोटार वाहनाची नोंदणी आवश्यक असते आणि बहुतेक एटीव्ही रस्त्यासाठी नोंदवल्याच जात नाहीत. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० हे मॉडेल ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येईल अशा रूपात भारतात आणले होते. तसे यंत्र जुन्या बाजारात दिसले तर नोंदणीची मूळ कागदपत्रे हातात घेऊन वाचल्याशिवाय पुढे बोलू नये. बाकी सगळी यंत्रे पिकअपवर चढवून जागेवर न्यायची आणि खासगी जमिनीत, मालकाच्या परवानगीने चालवायची. राखीव वनात किंवा ताम्हिणीच्या अभयारण्यात ती परवानगीशिवाय नेणे हा गुन्हा आहे. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठारांवर, उगवणाऱ्या इवल्याशा फुलझाडांवरून चाके गेली तर तिथला मातीचा पातळ थर वर्षानुवर्षे सावरत नाही. मला स्वतःला हे कारण दंडापेक्षा मोठे वाटते.

आता यंत्राकडे वळू. बाजारात ११० ते १२५ सीसीची, साखळीवर चालणारी छोटी यंत्रे स्वस्तात मिळतात. त्यांचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो आणि सपाट मैदानात ती ठीक चालतात, पण मुरमाच्या चढावर त्यांचा उपयोग नाही. आपल्याला हवी ती शेतकामासाठी घडलेली जात. होंडाने १९८६ साली फोरट्रॅक्स टीआरएक्स ३५० हे फोर-व्हील ड्राइव्ह यंत्र आणले तेव्हा त्यांच्या नजरेसमोर शर्यती नव्हत्या, तर चिखलातून ओझे वाहणारा शेतकरी होता, आणि आजही सावकाश चालणाऱ्या, अवघड वाटेसाठी याच वंशातली यंत्रे सर्वांत योग्य ठरतात. सुमारे ४०० ते ५७० सीसी एका माणसाला आणि त्याच्या सामानाला आपल्या डोंगरांत पुरेशी होते. त्याहून मोठे इंजिन जास्त वेग देते, परंतु घसाऱ्यावर वेगाचे काही काम नसते आणि वजन मात्र वाढते. मध्यम आकाराची एटीव्हीसुद्धा पावणेतीनशे-तीनशे किलोच्या आसपास भरते. ओढ्यात कलंडली तर उभी करायला चार-पाच माणसे लागतात.

चारही चाकांना जोर मिळतो असे माहितीपत्रकात छापलेले असले, तरी तो कसा मिळतो हे प्रत्येक कंपनीत वेगळे असते आणि खरी निवड इथेच करायची असते. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड कमी, त्याच्या पकडीएवढाच जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. त्यामुळे पुढचे एक चाक खडकावरून हवेत उचलले गेले की ते गरगर फिरत राहते आणि जमिनीवरचे दुसरे चाक जवळजवळ गप्प बसते. यावर उपाय म्हणजे डिफ-लॉक, जो दोन्ही पुढची चाके एकमेकांना जखडून टाकतो. यामाहाच्या ग्रिझली आणि कोडियाक मालिकांतल्या अनेक मॉडेलांत टू-व्हील, फोर-व्हील आणि डिफ-लॉक अशा तीन पायऱ्या बटणावर मिळतात. पोलारिसच्या यंत्रणेत मागची चाके घसरू लागली की पुढची आपोआप कामाला लागतात, त्यामुळे नवशिक्याला काही ठरवावे लागत नाही. कॅन-ॲमच्या बऱ्याच मॉडेलांत पुढच्या दोन चाकांच्या वेगात फरक पडला की डिफरन्शियल स्वतःहून जखडले जाते. माझी पसंती हाताने लावायच्या डिफ-लॉकला आहे, कारण ओल्या खडकाच्या पायरीवर चढण्याआधीच, चाक घसरायची वाट न पाहता, तो लावून घेता येतो. मात्र डिफ-लॉक लावल्यावर हँडल कमालीचे जड होते, म्हणून अशा यंत्राला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असावेच. त्याशिवाय दुपारपर्यंत मनगटे आणि खांदे भरून येतात, आणि थकलेल्या हातांनी उतार उतरणे धोक्याचे असते.

उताराचा विषय निघालाच आहे, तर तो नीट मांडतो, कारण खरेदी करताना चढाचाच विचार होतो. तीव्र उतारावर सगळे वजन पुढच्या चाकांवर येते आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी इंजिनचा अटकाव, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन चाकांना जे रोखून धरते ते, फक्त मागच्या चाकांना मिळत असेल, तर ती घसरतात आणि यंत्राची शेपटी आडवी होऊ लागते. हा अटकाव चारही चाकांना मिळाला तर एटीव्ही ब्रेक न दाबता, चालत्या माणसाच्या गतीने, सरळ खाली येते. ग्रिझली ७०० मध्ये ही सोय आहे. पोलारिसच्या काही मॉडेलांत त्यासाठी वेगळी यंत्रणा दिलेली असते आणि काहींत नसते, म्हणून मॉडेलचे नाव पुरेसे नाही, नेमकी आवृत्ती विचारावी.

यानंतर गिअर की पट्टा, हा प्रश्न. आज बहुतेक एटीव्हींमध्ये सीव्हीटी असते, म्हणजे दोन पुल्यांवर फिरणारा रबरी पट्टा इंजिनचा जोर पुढे नेतो. चालवायला हे अतिशय सोपे आहे, पण पट्ट्याचे दोन शत्रू आहेत आणि ते दोन्ही आपल्याकडे मुबलक आहेत: उष्णता आणि पाणी. एप्रिलच्या दुपारी हाय रेंजमध्येच, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्येच, ठेवून दगडी चढ रांगत चढला की पट्टा पुलीवर घासून तापतो आणि जळक्या रबराचा वास येऊ लागतो. तो वास आला की थांबलेच पाहिजे. चढ सुरू होण्याआधी लो रेंज, म्हणजे कमी वेगाचा आणि जास्त जोराचा गिअर, लावण्याची सवय असेल तर पट्टा कितीतरी जास्त टिकतो. ओढ्याचे पाणी सीव्हीटीच्या डब्यात शिरले तर पट्टा ओला होऊन नुसता घसरतो. त्यासाठी डब्याच्या तळाशी पाणी काढायचे बूच असते आणि ते कुठे आहे, हे खरेदीच्या दिवशीच विचारून घ्यावे. यामाहाने पट्टा सतत ताणलेला राहील आणि सुटताना घासणार नाही अशी रचना केली आहे, त्यामुळे त्यांच्या पट्ट्यांबद्दल तक्रारी मला कमी ऐकू येतात.

दुसरा मार्ग होंडाचा. रँचर ४२० सारख्या यंत्रात पट्टा नाहीच. धातूचे गिअर असतात आणि अनेक आवृत्त्यांत ते हँडलवरच्या बटणांनी बदलता येतात. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे जोर वाटेत काटकोनात न वळता सरळ पुढच्या आणि मागच्या शाफ्टकडे जातो. वेगाची हौस असलेल्याला हे यंत्र मंद वाटेल. पण मला कुणी विचारले की पावसाळाभर चिखलात राबवायचे आहे, फिटर गावातलाच आहे आणि सुटे भाग मागवायला वेळ लागतो, तर काय घेऊ, तर मी क्षणाचाही विलंब न लावता गिअरचे यंत्र सुचवेन. मोटरसायकल जाणणाऱ्या फिटरला त्यातले क्लच आणि गिअर परके वाटत नाहीत, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

मागच्या सस्पेन्शनबद्दल थोडक्यात सांगतो. मागचे प्रत्येक चाक वेगवेगळे वर-खाली होऊ देणारे स्वतंत्र सस्पेन्शन असलेले यंत्र दगडांवरून मऊ जाते आणि पोटाखाली जास्त मोकळी जागा ठेवते, तर मागची दोन्ही चाके जोडणारा अखंड आस असलेले यंत्र आडव्या उतारावर कमी झुकते आणि त्यात झिजणारे सांधे व त्यांना झाकणारे रबरी बूट कमी असतात. भाताच्या खाचरांच्या बांधांवरून रोज जाणाऱ्याने पहिले घ्यावे. ज्याला देखभाल कमी हवी आहे, त्याला दुसरे चालेल.

आपल्याकडे नव्यापेक्षा वापरलेली यंत्रेच जास्त हात बदलतात, म्हणून जुने यंत्र तपासण्याची पद्धत सविस्तर सांगतो. वाघोलीच्या बाजूला एका शेडमध्ये असे एक यंत्र पाहायला आमचे नेहमीचे फिटर काका माझ्याबरोबर आले होते. विकणाऱ्याने इंजिन सुरू करून आवाज ऐकवायची तयारी केली, तेव्हा काका म्हणाले, “दादा, आवाज नंतर ऐकू. ही हवा कुठून घेते ते आधी बघू.” त्यांनी सीट काढली, एअर बॉक्सच्या कड्या उघडल्या, फोमचा फिल्टर उचलून बाजूला ठेवला आणि फिल्टरच्या पलीकडे, इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या आत बोट फिरवले. बोटावर मुरमाची तांबूस भुकटी आली. फिल्टरच्या अलीकडे धूळ असणे स्वाभाविक आहे, पण पलीकडे धूळ असेल तर ती सिलिंडरपर्यंत पोहोचलेली असते आणि पिस्टनच्या रिंगा घासल्या गेलेल्या असतात. वरून चकचकीत असलेल्या त्या यंत्राचा विचार आम्ही तिथेच सोडला.

त्यानंतर पाहायचे ते एक्सलच्या टोकांवरचे रबरी बूट. त्यांच्या घड्या बोटांनी उघडून भेगा शोधाव्यात आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले आहे का, ते पाहावे. बूट फाटला की आत चिखल जातो आणि मग बुटाऐवजी अख्खा सांधा बदलावा लागतो. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवावे. खडखडले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला असतो. डिफरन्शियलचे तेल थोडेसे काढून तळहातावर घ्यावे. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि उन्हात धरल्यावर चमकी दिसली तर दात झिजत आहेत. रेडिएटरच्या पात्या वाळलेल्या चिखलाने बुजल्या असतील तर इंजिन वारंवार तापलेले असण्याची शक्यता धरावी. मीटरवरचे तास आणि किलोमीटर दोन्ही वाचून भागाकार करावा: ३०० तासांत २,४०० किलोमीटर म्हणजे सरासरी ताशी ८ किलोमीटर, म्हणजे ते यंत्र बराच काळ ओढकामाला जुंपलेले असावे. फोर-व्हील ड्राइव्हची परीक्षा काँक्रीटवर घेऊ नये. सुट्या मुरमाच्या चढावर डिफ-लॉक लावून पुढची दोन्ही चाके खडे उडवतात का, ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाने सुरक्षित अंतरावरून पाहावे.

टायरबद्दल दुकानदार सहसा बोलत नाहीत, पण बेसॉल्टच्या धारदार कडांवर सहा प्लायचे, म्हणजे जाड थरांचे मजबूत, टायरच टिकतात. या टायरांत हवा साधारण ५ ते ७ पीएसआय एवढीच असते, आणि पेट्रोल पंपावरचे गेज इतक्या खाली भरवशाने वाचत नाही, म्हणून कमी दाबाचे वेगळे गेज विकत घ्यावे. बाभळीच्या काट्यांसाठी मोटारीच्या ट्यूबलेस टायरचे पंक्चर किट आणि हातपंप पुरतो. विंच, म्हणजे रुतलेले यंत्र दोराने ओढून काढणारी मोटर, असावीच, आणि ती यंत्राच्या वजनाच्या किमान चौपट ताकदीची असावी, कारण पोटापर्यंत चिखलात रुतलेले यंत्र ओढताना लागणारा जोर त्याच्या वजनापेक्षा बराच जास्त असतो. एका माणसाच्या एटीव्हीवर मागे दुसऱ्याला बसवू नये. वजन मागे गेले की चढावर पुढची चाके उचलली जातात आणि यंत्र पाठीवर उलटते. हेल्मेट तर प्रत्येक वेळी, अगदी आवारातल्या आवारात फिरतानाही घालावे.

बयाणा देण्यापूर्वी आणखी एक काम करावे. सीव्हीटीचा पट्टा, एअर फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड, एक्सलचा बूट आणि पुढच्या चाकाचे बेअरिंग अशी यादी त्या मॉडेलच्या पार्ट नंबरांसह लिहून घ्यावी आणि विक्रेत्याला प्रत्येकाची किंमत आणि येण्याचा कालावधी विचारावा. बेअरिंग आणि ऑइल सील बहुधा ठरावीक मापांचे असतात. त्यांवरचे नंबर घेऊन नाना पेठेत विचारले तर बरेचसे तिथेच मिळून जातात. पट्टा आणि बूट मात्र त्या त्या यंत्राचेच लागतात. जो विक्रेता पट्टा कधी येईल हे सांगू शकत नाही, त्याच्याकडून सीव्हीटीचे यंत्र घेऊ नये, मग किंमत कितीही आकर्षक असो. यंत्र घेतले तर पट्टा, बूट आणि फिल्टर यांचा एक जादा संच त्याच बिलात घ्यावा. पावसाळ्यात शेडमध्ये उभे ठेवायचे असेल तर इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये महिनोन्महिने राहू देऊ नये, बॅटरीची वायर काढून ठेवावी आणि सीटखाली उंदरांनी घर केले नाही ना, हे दर पंधरवड्याला सीट उचलून पाहावे.