आमची वाटचाल: अंथरुणातून भिंतीवर

वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, नाहीतर सोलापुरातल्या कानडी घरांतली कौदी. जुनी लुगडी-धोतरं एकावर एक घालायची आणि धावदोरा मारायचा. आमचं काम अंथरुणाच्या वाकळींपासून सुरू झालं, आता बहुतेक काम भिंतीवरच्या कापडचित्रांचं आहे. टाका तोच, पण तो घालायचा क्रम उलटा करावा लागला.

कौदी कडेपासून आत शिवतात. तिथे ते चालतं, कारण ठिगळं शिवता-शिवता ठेवली जातात आणि ढिलाई पुढच्या ठिगळाखाली जिरते. चित्रात ठिगळांची जागा आधीच ठरलेली असते. कडेकडून आत आलं की सगळी ढिलाई मध्यावर साठून फुगा येतो, आणि तो इस्त्रीने बसत नाही. म्हणून आधी वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालतो आणि पक्की शिवण मध्यापासून बाहेर नेतो.

३ बाय ४ फुटांच्या चित्रात एकेक सेंटिमीटरवर ओळी घातल्या तर सुमारे १२० ओळी, म्हणजे ११० मीटर शिवण होते. एवढ्या टाक्यांनी कापड आक्रसतं. चारी बाजूंनी २ इंच जादा ठेवतो, छाटतो शेवटी.

सोलापुरी चादरीची कात्रणं वरच्या थराला शोभतात, पण जॅकार्डचं, म्हणजे मागावरच नक्षी विणलेलं, कापड जाड; कड दुमडली की सुई जात नाही. ती तिरप्या कापलेल्या सुती पट्टीने बांधतो. टॉवेलची कात्रणं मात्र नकोच, त्यांचे वेढे सुईला अडकून ओढले जातात.

लुगडं धुऊन-धुऊन आटलेलं असतं, कोरं कापड नाही. दोन्ही तशीच जोडली तर पहिल्या धुण्यात कोऱ्या तुकड्याभोवती चुण्या पडतात. कोरं आधी गरम पाण्यातून काढावं. लाल, मरून तुकड्यावर ओलं पांढरं कापड ठेवून इस्त्री फिरवतो. रंग उतरला की तुकडा बाद. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो, ही नुसती समजूत.

मजुरी नगावर होती तेव्हा टाके लांबले. मीटरवर दिली तरी तेच, साहजिक आहे! आता तासावर देतो आणि इंचात पाच टाके मोजून घेतो.

टांगायला मागे ४ इंची नेफा शिवून त्यात दांडी घालतो. ताण्याचे, म्हणजे मागावर लांबीत ताणलेले, धागे उभे ठेवायचे. बाणा, म्हणजे त्यांत आडवा विणलेला धागा, उभा आला तर कापड हळूहळू ओघळतं. आणि खिडकीसमोरची भिंत दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, लुगड्याचा रंग तिथे उडणार.