कॉन्ट्राच, आणि तो फक्त आठवणींमुळे नाही

आवडता व्हिडिओ गेम कोणता, असं कुणी विचारलं की मी कॉन्ट्रा म्हणते आणि समोरून लगेच येतं, 'अगं, ते लहानपणामुळे.' हे मला पटत नाही. लहानपण डक हंटच्याही वाट्याला तेवढंच आलं होतं. मे महिन्यात सांगलीला मामाकडे एकाच पिवळ्या कॅसेटमधून आम्ही दोन्ही खेळायचो. पण आज डक हंट लावला तर थोड्याच वेळात पुरे होतो. बदकं उडतात, आपण मारायची, बस.

कॉन्ट्रा म्हणजे एकट्याने किंवा दोघांनी धावत, उड्या मारत शत्रूंना गोळ्या घालायचा गेम. कोनामी या जपानी कंपनीने तो 1987 साली आधी आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी, काढला, पुढच्या वर्षी घरच्या मशीनसाठी. त्यातली तिसरी, धबधब्याची लेव्हल बघा. खडकांवरून उड्या मारत वर चढायचं. दोघं खेळत असाल तर जो पुढे जाईल त्याच्यासोबत स्क्रीन वर सरकते, आणि मागे राहिलेला खालच्या कडेपलीकडे पडला की मेला. त्याला शत्रूची गोळीही लागावी लागत नाही, माझी घाई पुरते. 'थांब की गं, मला येऊ दे!' हे मामेभावाचं ओरडणं माझ्या कानात अजून आहे, पण ते त्याच्या तोंडून काढलं त्या लेव्हलच्या रचनेनेच. 'एस' अक्षराच्या बंदुकीचंही तेच. पाच गोळ्या पसरून सोडणारी ती बंदूक एकाच्याच हाती लागणार, आणि एक गोळी लागली की लाइफसोबत तीही जाणार. मग ती कुणी घ्यायची यावरून भांडण, तह, पुन्हा भांडण. डक हंटने आम्हाला कधी एकमेकांशी बोलायलाच लावलं नाही.

दिवाळीत भाचीला घेऊन बसले. तिला ना ती कॅसेट ठाऊक, ना मामाचं घर. धबधब्यावर माझा पाय जरा पुढे पडताच ती किंचाळली, 'मावशी, थांब ना!'

कॉन्ट्रातल्या बेसच्या, म्हणजे शत्रूच्या तळातल्या, लेव्हल मात्र मला तेव्हाही कंटाळवाण्या वाटायच्या, आजही वाटतात. समोरच्या भिंतीवर गोळ्या झाडत एकामागून एक सारख्याच खोल्या पार करायच्या. तिथे आठवणींची सूट नाही.

माझ्याकडे दुसरा नंबर बॅटल सिटी या रणगाड्यांच्या गेमचा, त्याच कारणाने: आपल्या तळावरचा गरुड दोघांनी मिळून राखायचा, आणि आपलीच गोळी त्याला लागली तरी गेम ओव्हर.