लई वाजलेल्या रेकॉर्डी

रेकॉर्ड जमवणारी दोन माणसे भेटली की तिसऱ्या वाक्याला ‘कंडिशन’चा विषय निघतो. मिंट (म्हणजे अगदी कोरी), निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी ही उतरंड परदेशातल्या संग्राहकांनी घालून दिली आणि आता आपल्याकडचे विक्रेतेही ती सर्रास वापरतात. कव्हरच्या कडा शाबूत, लेबलावर कुणाचे नाव नाही, पृष्ठभागावर एक ओरखडा नाही, अशा रेकॉर्डला सर्वांत जास्त भाव येतो; म्हणजे जी कुणी घेतली आणि फारशी ऐकलीच नाही, ती सर्वांत मौल्यवान ठरते. यातला व्यवहार मला कळतो, पण तो मला पटत नाही. सांगलीत राहून मी जो संग्रह केला आहे त्याचा बराचसा भाग या उतरंडीत अगदी तळाला जाईल, आणि घरात सर्वांत जास्त लागतात त्याही त्यातल्याच रेकॉर्डी.

रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात तिरपी धरली की ती किती वाजली आहे याचा अंदाज येतो. नव्या व्हिनाइलला, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या या रेकॉर्डी असतात त्याला, काळीभोर चकाकी असते आणि जिथे सुई पुन्हा पुन्हा फिरली आहे तिथे एक करडी छटा चढते. एलपीच्या (लाँग प्ले, म्हणजे मोठ्या रेकॉर्डच्या) एका बाजूला साधारणपणे वीस ते पंचवीस मिनिटांचे संगीत सुमारे अर्धा किलोमीटर लांबीच्या एकाच सलग खाचेत कोरलेले असते. बाजूवर चार-पाच गाणी असतील तर दोन गाण्यांच्या मधल्या विरळ खाचांमुळे प्रत्येकाचा पट्टा वेगळा ओळखू येतो. गावभागातल्या एका घरातून मला भावगीतांची एक एलपी मिळाली, तिच्या पहिल्या बाजूवरचा तिसरा पट्टा तेवढा करडा आहे, बाकीचे पट्टे काळे आहेत आणि दुसरी बाजू तर जवळजवळ कोरी करकरीत आहे. तिसऱ्या गाण्याच्या आधीच्या अरुंद जागेत सुई टेकल्याचे बारीक ठिपके दाटीने उमटलेले आहेत. दरवेळी टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, उचलून नेमका तिथेच ठेवणारे त्या घरात कुणीतरी होते. ते सासूबाई होत्या की मामंजी, हे रेकॉर्ड देणाऱ्या सूनबाईंना सांगता आले नाही. “दोघंही मोठ्यानं गात नसत हो,” एवढेच त्या म्हणाल्या. ती एलपी मी लावते तेव्हा मीसुद्धा तिसऱ्याच गाण्यापासून सुरुवात करते, आणि ते गाणे खरोखरच बाकीच्यांपेक्षा सरस आहे.

वाजून वाजून रेकॉर्ड झिजते ती का, हे इथे सांगायला हवे. सत्तरच्या दशकात आपल्या मध्यमवर्गीय घरांत जे प्लेअर होते, म्हणजे एचएमव्हीचा ‘फिएस्टा’ आणि त्याची भावंडे, त्यांत सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज (सुई जिच्यात बसवतात ती डबी) असे आणि त्याचा खाचेवरचा भार आजच्या चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजच्या दुपटीतिपटीने जास्त असे. आज मी साधारण दोन ग्रॅम भारावर ऐकते. त्यात सुई झिजली तरी ती बदलायची असते हे कित्येकांना ठाऊकच नसे, आणि झिजलेली सुई खाचेच्या भिंती खरवडत जाते. मात्र या झिजेत एक खुबी आहे. जुनी गोल टोकाची सुई भिंतीच्या एका ठरावीक उंचीवर घासते आणि तेवढाच भाग खराब करते. निराळ्या आकाराची, लंबगोल टोकाची सुई लावली तर ती त्याच भिंतीच्या दुसऱ्या, न घासलेल्या भागाला टेकू शकते. त्यामुळे डोळ्यांना गेलेली वाटणारी रेकॉर्ड कित्येकदा अनपेक्षितपणे स्वच्छ वाजते. सगळ्याच वाजतात असे नाही, काही खरोखरच संपलेल्या असतात. पण केवळ बघून दर्जा ठरवणारी उतरंड मला लंगडी वाटते ती यामुळे.

सांगली-तासगाव-पलूसच्या पट्ट्यात रेकॉर्ड शोधणाऱ्याने जुन्या स्पीकरवाल्यांकडे जायला हवे. लग्न, जत्रा, गणपती, नवरात्र, निवडणूक या सगळ्यांसाठी गावोगाव कर्णे बांधणाऱ्या या मंडळींकडे एकेकाळी लाकडी पेट्या भरभरून रेकॉर्डी असत, आणि कॅसेट आल्यावर त्या पेट्या माळ्यावर गेल्या. या रेकॉर्डी लांबूनही ओळखता येतात. लेबलावर रबरी शिक्क्याने साऊंड सर्व्हिसचे नाव आणि गावाचे नाव असते, आणि मांडवातल्या अंधुक उजेडात पटकन सापडावी म्हणून तांबड्या ऑइलपेंटने काढलेला मोठा आकडा असतो. असा शिक्का दिसला की शहरातला संग्राहक रेकॉर्ड खाली ठेवतो. पलूसजवळच्या एका गावात अशाच एका पेटीतून मी लावण्यांची एक ईपी (थोड्या गाण्यांची लहान रेकॉर्ड) उचलली, तेव्हा मालकांनी स्वतःच मला अडवले.

“ताई, ती नका घेऊ. लई वाजल्याली हाय ती.”

“काका, म्हणूनच घेते.”

त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिले, आणि मग प्रत्येक रेकॉर्डची कुंडली सांगायला बसले. ही कुठल्या जत्रेत सारखी मागायचे, ही लावली की बायका कशा उठून जायच्या, ही नेमकी वरात निघताना लावायची. त्यांच्याकडची बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाईची एलपी मी पाहिली, तर तिची दोन्ही बाजूंची झीज कडेपासून लेबलापर्यंत अगदी सारखी. ती पंगती बसल्या की लावून दिली जाई आणि पंगत उठेपर्यंत तिच्याकडे कुणी फिरकत नसे. पंचेचाळीस फेऱ्यांच्या चित्रपटगीतांच्या ईपींवर उलट पहिलेच गाणे पांढुरके पडलेले असते. गावाची आवडनिवड कुणी लिहून ठेवलेली नसते, ती या पेट्यांमध्ये राहिली आहे आणि भंगाराच्या भावाने चालली आहे.

घरगुती संग्रहांत मात्र मिरजेची सर सांगलीला नाही, हे मी सांगलीकर असूनही मान्य करते. मिरजेतल्या ब्राह्मणपुरीत राहणाऱ्या माझ्या मावशीने तिच्या सासऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डी मला दिल्या, तेव्हा सोबत पिनांची पत्र्याची डबीही दिली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या या जुन्या रेकॉर्डी लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून दाबून काढत. ती पूड मुद्दाम घातलेली असे. पोलादी पिन तिच्यावर घासून पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या आकाराची होई, आणि म्हणून एका बाजूला एक पिन, ती वाजली की टाकून द्यायची, असा नियम होता. काटकसरीच्या घरांत तो पाळला जात नसे. मावशीच्या सासऱ्यांनी तो काटेकोरपणे पाळला असावा, कारण त्यांच्या बहुतेक रेकॉर्डी उत्तम आहेत; अपवाद नाट्यपदांचा. बालगंधर्व इथल्याच नागठाण्याचे, दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीचे बिऱ्हाड सांगलीत, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिले नाटक केले तेही सांगलीतच. असे असताना या भागातल्या घरांत नाट्यपदाची रेकॉर्ड न झिजता राहणे अवघडच होते. एकेका पदावरून इतक्या वेळा पिन फिरली आहे की सम येण्याआधी खरखरच तिची वर्दी देते.

याच गठ्ठ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी होती. खाँसाहेबांचा (१८७२–१९३७) मुक्काम मिरजेत होता, त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांची कबर आहे. उरुसात दरवर्षी तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. दहा इंची लाखेच्या रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. मैफलीत तासभर रमणाऱ्या गवयाने तेवढ्या वेळात करायचे काय, हा प्रश्न त्या काळी पुष्कळ कलावंतांना पडला आणि अनेकांनी घाई केली. खाँसाहेब घाई करत नाहीत. तीन मिनिटांत ते सुरावर थांबतात, तोच सूर पुन्हा लावून पाहतात आणि तरीही काही राहून गेले असे वाटू देत नाहीत. माझ्याकडची प्रत चांगलीच झिजलेली आहे. झीज आणि खरखर यांचा मारा मुख्यतः वरच्या कंपनांवर होतो, त्यामुळे तंबोऱ्याचा झंकार जवळजवळ बुडाला आहे आणि आवाज मात्र तरंगत वर राहिला आहे. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच मिरजेत वाजलेल्या रेकॉर्डवर नेमका तंबोराच ऐकू येऊ नये, ही गंमत मावशीला मी सांगितली तेव्हा ती म्हणाली, “खाँसाहेबांना कशाला लागतोय गं तंबोरा!”

एलपी आल्यावर (अमेरिकेत १९४८ साली आल्या, आपल्याकडे लाखेच्या रेकॉर्डी साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघतच होत्या) गवयाला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, पण एक नवा पेच आला, आणि तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. रेकॉर्ड फिरते एकाच गतीने, परंतु बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान असल्यामुळे लेबलाजवळ एका सेकंदात सुईखालून जाणारी खाच बाहेरच्या निम्म्याहूनही कमी असते. तेवढ्या आखूड जागेत बारीक कंपने नीट मावत नाहीत आणि आवाज फाटू लागतो. आता ख्यालाची रचना आठवून पाहा. विलंबितातली संथ बढत होते ती बाहेरच्या ऐसपैस खाचांत, आणि द्रुत तानांचा, तबल्याच्या चढत्या लयीचा कळस येतो तो नेमका लेबलापाशी, जिथे हे तंत्र सर्वांत दुबळे असते. पाश्चात्त्य तंत्रज्ञांनी आपल्या ख्यालाचा विचार केला नव्हता यात नवल नाही. माझ्यापुरते सांगायचे तर, झिजलेल्या एलपीवर तानेचा शेवट किंचित चुरगळलेला ऐकण्याची मला इतकी सवय झाली आहे की तीच तान सीडीवर ऐकताना कुणीतरी इस्त्री केल्यासारखी वाटते.

माझ्या संग्रहातल्या सर्वांत गरीब रेकॉर्डी पुराच्या आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले आणि शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. पाणी उतरल्यावर रस्त्यारस्त्यांत गाद्या, कपाटे, पुस्तके यांचे ढीग लागले आणि त्यांत रेकॉर्डीही होत्या. कव्हरचा लगदा झाला होता, पण व्हिनाइलला पाण्याने काहीच होत नाही. मला आश्चर्य वाटले ते लेबलांचे. रंग उडाला, डाग पडले, तरी बहुतेक लेबले जागच्या जागी होती. याचे कारण असे की लेबल गोंदाने चिकटवलेले नसते, रेकॉर्ड दाबून काढतानाच कागद तापलेल्या व्हिनाइलमध्ये दाबला जातो. ओळखीच्या दोन घरांनी टाकायला काढलेल्या रेकॉर्डी मी घरी आणल्या. खाचांत गाळ सुकून बसलेला असताना फडका फिरवला तर गाळातली रेती सगळ्या भिंती ओरबाडून काढते, म्हणून आधी त्या साध्या पाण्यात भिजत ठेवल्या, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या द्रवाचे थेंब टाकून मऊ ब्रशने खाचांच्याच दिशेने धुतल्या आणि स्वयंपाकघरातल्या ताटांच्या स्टँडमध्ये उभ्या करून वाळवल्या. आमच्या घरी त्या आठवड्यात ताटे ओट्यावर होती आणि त्याबद्दल जे काही बोलले गेले ते इथे लिहीत नाही. त्या रेकॉर्डींतल्या अर्ध्याअधिक आज वाजतात. कव्हर नसलेल्यांना मी जाड कागदाचे पाकीट करून त्यावर गाण्यांची नावे आणि घराचा गल्लीपुरता पत्ता लिहून ठेवला आहे.

याच संदर्भात एक कळकळीची सूचना. व्हिनाइल धुताना काही जण पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतात, ते चालते. लाखेच्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोल किंवा स्पिरिट चुकूनही लावू नये; सुतार पॉलिशसाठी चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवतो, आणि लाखेची रेकॉर्ड ही त्याच जातीची आहे. तसेच एलपीची सुई लाखेच्या रेकॉर्डवर किंवा उलट लावू नये, कारण जुन्या खाचेला लागणारे टोक तिपटीचौपटीने जाड असते. आणि आजोबांच्या रेकॉर्डी विकायच्याच असतील तर लेबलावरची नावे खोडू नका, ‘चि. सौ. कां. हिच्या लग्नानिमित्त सप्रेम भेट’ हे शाईचे अक्षर पुसू नका. त्यापायी भाव थोडा कमी येईल, पण तशी रेकॉर्ड हवी असणारी माणसे आहेत.

कोल्हापूरचे एक संग्राहक स्नेही माझ्याकडे आले की शिक्केवाल्या रेकॉर्डी पाहून हसतात. त्यांच्याकडे न उघडलेल्या, प्लॅस्टिकमध्ये बंद अशा एलपी आहेत आणि त्या ते उघडत नाहीत, कारण उघडल्या की किंमत उतरते. त्यांतल्या एका एलपीची वाजलेली प्रत माझ्याकडे असल्यामुळे, ती ऐकायची असली की ते सांगलीला येतात.

तासगावच्या बाजूला आणखी एका स्पीकरवाल्याच्या माळ्यावर दोन पेट्या आहेत असे कळले आहे. त्यांच्या मुलाने फोनवर सांगितले की द्राक्षे उतरल्याशिवाय माळ्यावर चढायला घरात कुणाला सवड नाही, तेव्हा बाग मोकळी झाली की या. आणि वर पुन्हा बजावले की त्यातली एकही रेकॉर्ड धड नाही. मी थोड्या निराळ्या टोकाची एक सुई मागवून ठेवली आहे.